आमची वाटचाल : आधी विचारायचं, मग पाना काढायचा

भाऊ आणि मी, दोघांनी मिळून ही फर्म काढली तेव्हा गळके नळ, वाहते फ्लश आणि तुंबलेली सिंक एवढाच आमचा धंदा होता. अशा कामांना तोटा कधीच नसतो. पण घरोघरी एक तक्रार सारखी कानावर यायची : ‘महिन्यापूर्वीच वॉशर बदललाय हो, तरी गळतोच.’ जुन्या पद्धतीच्या नळात वॉशर ज्या पितळी कडेवर बसतो, ती सीट खडबडीत झालेली असली की नवा वॉशरही ती थोड्याच दिवसांत कापून टाकते. म्हणून आम्ही विकत घेतलेलं पहिलं खास हत्यार म्हणजे सीट घासायचं कटर. दिसायला किरकोळ, पण आमचं नाव झालं ते त्याच्या जोरावर. लोक म्हणू लागले, हे पुन्हा यावं लागणार नाही असं काम करतात.

पुढे स्वतःची विहीर किंवा बोअर असलेल्या घरांची कामं येऊ लागली आणि धंद्याचा रंगच पालटला. नळाचं दुखणं नळापाशी दिसतं. विहिरीच्या पाण्याचं तसं नाही. तक्रार स्वयंपाकघरात आणि कारण विहिरीच्या तळाशी, असा प्रकार. तेव्हापासून फोन आला की आमची प्रश्नावली ठरलेली असते. पाणी सगळ्याच नळांना कमी आहे की एकाच? थंड आणि गरम दोन्ही कमी? अचानक कमी झालं की हळूहळू? एकाच नळाला कमी असेल तर बहुधा तोंडाची जाळी कचऱ्याने नाहीतर क्षाराने भरलेली असते. ती काढून व्हिनेगरमध्ये भिजवली की काम होतं आणि आम्हाला यावंही लागत नाही. फक्त गरमच कमी असेल तर गिझरकडे बघायचं. सगळीकडे हळूहळू कमी होत गेलं असेल आणि घरात जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असतील, तर आतून गंज चढून पाइपची वाट अरुंद झालेली असण्याची शक्यता मोठी.

एक वाद मात्र आजही मिटत नाही. वरच्या मजल्यावर शॉवरला धार नाही म्हणून लोकांना मोठी मोटार हवी असते. अहो, मोटार टाकी भरते. शॉवरला तिचं काही सोयरसुतक नाही! 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. टाकीतलं पाणी शॉवरच्या 2 मीटरच वर असेल तर मिळणार 0.2 किलो, त्यात पाइपातलं घर्षण वजा. टाकी उंच करा, पाइप जाड घ्या किंवा टाकीनंतर छोटा प्रेशर पंप बसवा. मोठी मोटार विकली तर आमचा नफा जास्त, तरीही आम्ही हेच सांगतो.

‘मोटार फिरते, पण पाणी उचलत नाही’ हा फोन आमच्याकडे सर्वांत जास्त येतो. वर बसवलेली मोटार पाणी वर ओढते म्हणजे खरं तर हवेचा दाब पाण्याला वर ढकलत असतो, आणि त्याची मर्यादा कागदावर 10.3 मीटर, प्रत्यक्षात 7-8 मीटर. पातळी त्याखाली गेली की कितीही प्रायमिंग करा, म्हणजे मोटारीत पाणी ओतून हवा काढा, उपयोग नाही. पातळी ठीक असेल आणि तरी रोज सकाळी मोटारीत पाणी ओतावं लागत असेल, तर संशय फूट व्हॉल्व्हवर, म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या तळाशी पाणी परत खाली जाऊ न देणाऱ्या झडपेवर. एकदा वर काढलेल्या व्हॉल्व्हच्या झडपेत हरभऱ्याएवढा खडा अडकलेला निघाला. तेवढ्या फटीतून रात्रभरात सगळा पाइप रिकामा होत होता. फूट व्हॉल्व्ह चांगला निघाला तर मग सक्शनचे, म्हणजे विहिरीतून मोटारीपर्यंत येणाऱ्या पाइपचे सांधे. हे सांधे गळताना बाहेर थेंबही दिसत नाही, कारण चालू मोटारीत ते पाणी सोडत नाहीत, हवा ओढतात. सांध्यावर साबणाचा फेस लावून मोटार चालू करायची. फेस जिथे आत ओढला जाईल तिथे फट.

प्रेशर टँक (आतल्या हवेच्या दाबाने नळांना पाणी ढकलणारी बंद टाकी) असलेल्या घरांत मोटार दर काही सेकंदांनी चालू-बंद होते, तेव्हा मंडळी आधी स्विच बदलून घेतात. आम्ही टँकच्या हवेच्या व्हॉल्व्हची टोपी काढून पिन दाबतो. हवेऐवजी पाणी आलं की आतला रबरी पडदा फाटला म्हणून समजा. पडदा शाबूत असेल तर मोटार बंद करायची, टँक पूर्ण रिकामा करायचा आणि मोटार ज्या दाबाला चालू होते त्याहून 2 पीएसआय कमी हवा भरायची. हे लवकर करावं, कारण प्रत्येक वेळी चालू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि वाइंडिंग तापत राहतं.

पाण्याच्या गुणवत्तेच्या कामात आम्ही उशिरा आणि जरा नाखुशीनेच शिरलो, कारण त्या बाजारात भीती विकणारे फार. आमची पहिली तपासणी बिनखर्चाची असते. काचेच्या पेल्यात पाणी भरून ठेवायचं. भरताना स्वच्छ आणि थोड्या वेळाने तांबूस झालं, तर विरघळलेलं लोह हवा लागून बाहेर पडतंय, लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग दिसू लागतात. पहिल्या धारेलाच तांबूस येऊन पुढे निवळलं, तर गंज पाइपातला. सडक्या अंड्यासारखा वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर गिझरमधला मॅग्नेशियमचा रॉड तपासायचा. थंडालाही येत असेल तर मूळ बहुतेक विहिरीत.

टीडीएस मीटर आमच्याही पिशवीत असतो, पण तो दाखवून फिल्टर विकायचा नाही हा भावाचा दंडक. तो आकडा फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्यात दिसत नाहीत, आणि नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हेही तो वेगळं सांगत नाही. 100 मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) मुळीच सापडता कामा नये, आणि ते फक्त प्रयोगशाळाच सांगू शकते. ‘आधी रिपोर्ट आणा’ म्हटल्यावर काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. जाऊ देत.

रिपोर्टमध्ये जंतू निघाले तर विहीर साफ करून क्लोरिन घालतो, क्लोरिनचा वास येईपर्यंत घरातला प्रत्येक नळ उघडून पाणी काढतो आणि 12 ते 24 तास ते पाणी कुणाला वापरू देत नाही. मग वास जाईपर्यंत उपसा, तोही सेप्टिक टँकमध्ये किंवा झाडांना न सोडता. काही दिवसांनी पुन्हा तपासणी. जंतू परत दिसले तर क्लोरिनचा डोस वाढवत बसण्यात अर्थ नसतो. कठड्याची किंवा केसिंगची (बोअरच्या आतल्या संरक्षक पाइपची) भेग शोधायची, वरचं घाण पाणी तिथूनच उतरत असतं.

विहिरीत उतरण्याबाबत मात्र कुणाशीही घासाघीस नाही. आतली हवा मीटरने तपासल्याशिवाय, कमरेला दोर आणि वर माणसं असल्याशिवाय आमचा कारागीर खाली जात नाही. कंदील सोडून पाहणं आम्ही मानत नाही, कारण विषारी वायू असतानाही कंदील जळत राहू शकतो.

आता पुतण्याही कामात आला आहे. त्याने एक नवी सवय लावली : आम्ही बसवलेल्या प्रत्येक पंपाशेजारी कार्ड. विहिरीची खोली, पाण्याची पातळी, मोटारीचे अँपिअर, फूट व्हॉल्व्ह कधी बदलला, सगळं त्यावर. दुसरा कुणी दुरुस्तीला आला तरी त्याच्या उपयोगी पडेल. पंपघरातल्या ओलीने शाई पुसली जाते, म्हणून हल्ली तो हे आकडे पत्र्याच्या पट्टीवर ठोकून आणतो.