सड्यावरची रेंज आणि सत्तावीसचा घोटाळा

आमची शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली ते चौथीचे वर्ग दोन खोल्यांत भरतात आणि मुख्याध्यापकपदाचा कार्यभार सांभाळणारे आमचे गुरुजी टपाल घेऊन किंवा ऑनलाइन माहिती भरण्यासाठी केंद्रशाळेत गेले, की त्या दिवशी शाळेत मोठी माणसे म्हणून मी आणि पोषण आहार शिजवणाऱ्या काकी एवढ्याच उरतो. शहरातल्या शाळेत मधल्या सुट्टीत चहा घेता घेता शेजारच्या वर्गाच्या बाईंना ‘अहो, तुमच्या मुलांना हातच्याची वजाबाकी जमली का?’ असे सहज विचारता येते. ती सोय येथे नाही. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, शिक्षण परिषद होते खरी, परंतु तिचा बराचसा वेळ परिपत्रके समजावून घेण्यात आणि कोणत्या शाळेची कोणती माहिती यायची राहिली आहे हे ऐकण्यात जातो, आणि मनातला प्रश्न मनातच ठेवून आपण शेवटची एसटी पकडतो.

शिक्षकाने इंटरनेटच्या आधारे स्वतःचे असे शिकण्याचे जाळे विणावे, असे प्रशिक्षणांत अलीकडे वारंवार सांगितले जाते. ते कसे विणावे हे मात्र कोणी सांगत नाही. माझे जाळे एका मुलाच्या चुकीपासून सुरू झाले.

२०१९ च्या जूनमध्ये माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. ‘सत्तावीस’ म्हटले की एक मुलगा पाटीवर ठामपणे ७२ लिहायचा. त्याला संख्या कळत नव्हती असे मुळीच नव्हे. चिंचोके मोजायला दिले तर तो दहा-दहाचे दोन ढीग करून सात सुटे बाजूला ठेवायचा. पण कानावर आधी ‘सत्ता’ पडते आणि मग ‘वीस’, त्यामुळे त्याचा हातही आधी सात लिहून मोकळा व्हायचा. एकक आधी बोलायचा आणि दशक आधी लिहायचा, ही मराठीतली उलटापालट आपल्या मोठ्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला अडवू शकते, हेच आपल्या ध्यानात येत नाही.

योगायोग असा की नेमक्या त्याच दिवसांत बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकावरून वाद पेटला. ‘एकवीस’ म्हणजे ‘वीस एक’, ‘सत्तावीस’ म्हणजे ‘वीस सात’ असे संख्यावाचन त्या पुस्तकात आले होते, आणि त्यामागे जोडाक्षरांची अडचण व बोलण्या-लिहिण्याचा उलटा क्रम ही कारणे असल्याचे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी समजावून सांगितले होते. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. त्या वेळी मी शिक्षकांच्या अकरा व्हॉट्सॲप गटांत होते. ‘फडणवीस’ या आडनावातल्या ‘वीस’वरचे विनोद, मातृभाषेच्या अस्मितेवरचे लांबलचक मजकूर आणि त्यांवरची अंगठ्यांची रांग यांनी ते गट आठवडाभर ओसंडून वाहत होते, पण सोमवारी सकाळी त्या मुलासमोर बसून नेमके काय करायचे, हे त्या अकरांपैकी एकाही गटात कोणी लिहीत नव्हते. खरे तर मीही विचारले नव्हते. गटाची मर्यादा तेव्हा २५६ सदस्यांची होती, आता ती १०२४ झाली आहे, आणि एवढ्या लोकांसमोर ‘माझ्या वर्गातल्या मुलाला २७ लिहिता येत नाही’ असे कबूल करणे म्हणजे आपली लाज आपणच वेशीवर टांगणे, कारण त्या गटांत केंद्रप्रमुखही असतात आणि विस्तार अधिकारीही. तेथे पडतात ते फक्त यशस्वी उपक्रमांचे फोटो.

शेवटी मी त्या पाटीचा फोटो काढला आणि निरनिराळ्या प्रशिक्षणांत ओळख झालेल्या चार शिक्षकांना वेगवेगळा पाठवला. त्यासाठी संध्याकाळी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जावे लागले, कारण आमच्या वाडीत रेंज नसते. सड्यावरच्या कातळाच्या एका ठरावीक टोकाला उभे राहिले की दोन काड्या येतात, आणि पावसाळ्यात छत्री, मोबाइल व स्वतःचा तोल असे तिन्ही सांभाळत तेथे उभे राहणे ही एक वेगळीच कवायत असते.

चौघांपैकी तिघांची उत्तरे आली. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या वर्गाला शिकवणाऱ्या सरांनी लिहिले, की त्यांच्या मुलांकडून ही चूक अशी होतच नाही, कारण कन्नडमध्ये सत्तावीसला ‘इप्पत्तेळु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस आणि मग सात. त्या एका वाक्याने माझ्या डोक्यातला दोष मुलाकडून उचलून भाषेच्या घडणीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या ताईंनी २० चे लांब कार्ड आणि ७ चे आखूड कार्ड करून, वीसातल्या शून्यावर सात ठेवून दाखवण्याची रीत फोटोसह पाठवली. तिसरे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी चारच शब्दांत सुचवले, ‘सात आधीच लिहू दे.’ त्यांचे म्हणणे असे, की मुलाला सात आधी ऐकू येतो तर त्याने तो आधीच लिहावा, फक्त उजव्या घरात, आणि मग ‘वीस’ ऐकल्यावर डावे घर भरावे. इतकी वर्षे शिकवूनही हे मला सुचले नव्हते.

मी पाटीवर दोन घरे आखून दिली. तीन दिवसांत तो मुलगा २७ लिहू लागला, आठवड्याने घरे पुसली तरी चुकेना. परंतु पुढे तिसरीत ‘एकशे सत्तावीस’ आले आणि गाडी पुन्हा अडली, कारण तेथे शतक आधी बोलायचे, मग एकक आणि शेवटी मधला दशक. घरांची युक्ती तेथे मुलांना अधिकच गोंधळात पाडते, तर कार्डांची रीत मात्र १०० चे तिसरे कार्ड घेऊन सुखाने पुढे चालते. हे मी त्या तिघांनाही सविस्तर कळवले. जाळे विणले गेले ते येथे, असे मला वाटते. प्रश्न विचारल्याने माणसे ओळखीची होतात. परंतु त्यांनी सांगितलेले करून पाहिल्यावर काय झाले, आणि विशेषतः काय फसले, हे परत जाऊन सांगितले की ती पुढच्या वेळी आपणहून विचारतात. चाराचे आता नऊ झाले आहेत.

मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातील शिंप्यांच्या दुकानांत शिकाऊ मुले कशी शिकतात याचा अभ्यास केला. तेथे नवखा मुलगा कापड बेतण्यापासून सुरुवात करीत नाही. बटणे लावणे, काठ दुमडून शिवणे ही शेवटची कामे त्याला आधी मिळतात, आणि ती करता करता पूर्ण कपडा कसा उभा राहतो हे त्याच्या नजरेखालून जाते. नव्या ठिकाणी सामील होताना मला ही गोष्ट फार उपयोगी पडली. पहिले काही महिने मी फक्त बटणे लावली: कोणी तोंडी सांगितलेली कृती टाइप करून द्यायची, कार्डांची मापे लिहून पाठवायची, प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरच्या मुलांच्या गोष्टींपैकी मराठीत नसलेल्या एक-दोन गोष्टींचे भाषांतर करायचे. त्या गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्यामुळे भाषांतर करायला कोणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत.

जाळ्यातली सगळीच माणसे आपल्याला ओळखत असावीत असेही नाही. अरविंद गुप्ता यांनी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, तुकडे आणि आगकाड्या जोडून आकृत्या करण्याची युक्ती शोधली, आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अशा शेकडो खेळण्यांच्या कृती व पुस्तके सर्वांसाठी मोफत खुली केली. त्यांच्याशी मी कधी बोललेले नाही. तरी आमच्या वर्गातला व्हॉल्व्हट्यूबचा त्रिकोण दाबला तर आकार बदलत नाही आणि चौकोन मात्र कलतो, हे मुलांना त्यांच्यामुळेच हाताने कळले. तालुक्याच्या गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याला मी मीटरभर व्हॉल्व्हट्यूब मागितली तेव्हा त्याने विचारले, ‘बाई, किती सायकली आहेत तुमच्याकडे?’

त्या अकरा गटांपैकी आठांतून मी बाहेर पडले. एकेकाचा निरोप घेताना अवघडल्यासारखे झाले, आणि एका ज्येष्ठांना तर तो अपमानच वाटला. परंतु सुप्रभातच्या फुलांखाली गाडलेला कामाचा मजकूर शोधण्यात सड्यावरची माझी रेंज आणि उजेड दोन्ही संपत असत. उरलेल्या तीनांतला एक प्रशासकीय आहे, त्याला इलाज नाही.

एक पथ्य आम्ही नऊ जणांनी पाळले आहे: मुलाची पाटी, वही, हात एवढेच पाठवायचे, चेहरा आणि नाव नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, हे नंतर वाचले. आमचे कारण त्याहून साधे होते. चुकीच्या उत्तराखाली स्वतःचे नाव गावभर फिरलेले कोणाला आवडेल?

सध्या माझ्यापुढे ‘एकोणपन्नास’ आहे. वर्गातली एक मुलगी त्याला ५१ लिहिते, आणि तिच्या परीने ते बरोबरच आहे, कारण तिला त्यात ‘एक’ आणि ‘पन्नास’ दोन्ही स्पष्ट ऐकू येतात. मधला ‘ऊन’, म्हणजे कमी, तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यातून ४९ ला पन्नासातून एक उणा करायचा, ८९ ला नव्वदातून करायचा, आणि ९९ आले की ‘एकोणशंभर’ न म्हणता ‘नव्व्याण्णव’ म्हणायचे, हे तिला कोणत्या तोंडाने सांगावे? जतच्या सरांनी मण्यांच्या पन्नासच्या माळेतून एक मणी काढून दाखवायला सुचवले आहे, निवृत्त गुरुजींचे म्हणणे आहे की आधी रोज कवायतीसारखे ‘तीसला एक कमी, चाळीसला एक कमी’ म्हणून घ्यावे. मणी मिळाले आहेत. दोरा ओवायचे काम आज मुलींनी मधल्या सुट्टीत सुरू केले, ते अठ्ठाविसाव्या मण्यावर घंटा झाली म्हणून थांबले आहे.