बेसिक किती?

"एकूण १८०० दिरहम, राहणं कंपनीचं." दुबईच्या नोकरीबद्दल चिपळूणला किंवा महाडला फोनवर कळतं ते एवढंच. मग मुंबईत एजंटच्या ऑफिसात इंटरव्ह्यू होतो, मेडिकल होतं, व्हिसा येतो, आणि सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा राहतो. त्यातलं बेसिक (मूळ पगार) किती आणि अलाउन्स (भत्ते) किती, हे विचारणारा क्वचितच भेटतो. यूएईच्या कामगार कायद्यात मात्र ओव्हरटाइम, नोकरी सोडताना न घेतलेल्या रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी हे सगळं बेसिकवर मोजलं जातं.

हिशोब करून बघा. एकाचं बेसिक ८००, दुसऱ्याचं १५००, दोघांचा एकूण पगार १८००च. दोघेही महिन्याचे २६ दिवस रोज दोन तास जास्त काम करतात. ओव्हरटाइमचा दर बेसिकच्या सव्वापट असतो. पहिल्याला तासाला सव्वाचार दिरहमही पडत नाहीत, दुसऱ्याला पावणेआठच्या वर पडतात. महिन्याला साधारण १९० दिरहमचा फरक. ग्रॅच्युइटी वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकइतकी, म्हणजे दोन वर्षांची पहिल्याला ११२० आणि दुसऱ्याला २१००. दोन वर्षांच्या करारात दोन्ही मिळून साडेपाच हजार दिरहम गेले. दिरहम २३ रुपयांना धरला तर सव्वा लाखाच्या वर. यात कंपनीने कायदा मोडलेलाही नाही! तुमच्या सहीनेच झालंय हे.

म्हणून सही करण्याआधी कागद कोणता आहे ते बघा. एजंटने कंपनीच्या लेटरहेडवर दिलेलं ऑफर लेटर वेगळं आणि यूएईच्या कामगार मंत्रालयातून निघालेलं वेगळं. मंत्रालयाच्या ऑफरवर व्यवहार क्रमांक असतो, तो 'एमबी'ने सुरू होतो. मंत्रालयाच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर तो टाकला की ऑफर खरी आहे का ते कळतं. पुढचा करार याच ऑफरशी जुळावा लागतो, लेटरहेडवरच्या गोड आकड्यांशी नाही. ही ऑफर अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेत मिळते. त्या यादीत हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ आहे, मराठी नाही. हिंदी प्रत मागा आणि तीही घरी बसून वाचा. विमानाच्या आदल्या रात्री घाईघाईत सही मागतात, त्याला कारण असतं.

आता एजंट. भारतात परवानाधारक एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. पावतीसकट. परवाना चालू आहे का, हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नावाने शोधता येतं. गावातला जो 'आपलाच माणूस' पासपोर्ट गोळा करतो, तो बहुतेक वेळा सब-एजंट असतो. त्याचं नाव कुठल्याच यादीत सापडत नाही आणि पैसे बुडाले की मुंबईचं ऑफिस त्याला ओळखतही नाही. यूएईच्या बाजूने तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायलाच बंदी आहे. 'व्हिसाचे पैसे पगारातून कापू' ही अट म्हणूनच बेकायदा.

"व्हिजिट व्हिसावर या, इथे आल्यावर कामाच्या व्हिसात कन्व्हर्ट करू" असं सांगितलं तर थांबा. वर्क परमिट नसताना कामावर ठेवणाऱ्या कंपनीला २०२४ पासून एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. पण कारवाई कामगारावरही होऊ शकते. हातात करार नाही, पगार बँकेतून येत नाही, मग तक्रार कशाच्या जोरावर करणार? शिवाय पासपोर्ट ईसीआर (कामासाठी जाताना सरकारी मंजुरी लागणारा) असेल तर ई-मायग्रेटची नोंद टळते आणि तिच्यासोबतचा दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही जातो.

कामावर लागल्यावर दोन गोष्टी आपल्याच खिशात हव्यात. पासपोर्ट आणि सॅलरी कार्ड. पासपोर्ट ठेवून घ्यायला कायद्याने मनाई आहे. कार्डाची गंमत वेगळी. पगार डब्ल्यूपीएसमधून, म्हणजे सरकारची नजर असलेल्या बँक-पगार व्यवस्थेतून गेला की सरकारी नोंदीत कंपनी स्वच्छ दिसते. म्हणून काही ठिकाणी पूर्ण १८०० कार्डावर टाकतात आणि फोरमन ३०० रोख परत घेतो, किंवा कार्डच कॅम्प बॉसकडे (कामगारांच्या वसाहतीचा प्रमुख) असतं. पैसे स्वतः काढा, एसएमएस पुसू नका, हजेरीच्या पानाचा दर महिन्याला फोटो काढून घरी पाठवा. ओव्हरटाइमच्या वादात तोच कामी येतो.

ठरलेल्या तारखेनंतर १५ दिवसांत पगार आला नाही तर कायद्याने तो थकीत ठरतो. तक्रार मंत्रालयाच्या ॲपवर किंवा ८००८४ या क्रमांकावर करा. पन्नास हजार दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालय स्वतः निकाल देऊ शकतं. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती रागाने काम सोडून मित्राच्या बेडस्पेसवर (भाड्याच्या खाटेवर) जाऊन राहण्याची. सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात की कंपनी 'अब्स्कॉन्डिंग', म्हणजे काम सोडून पळाल्याची तक्रार, लावू शकते. मग पगाराचा मुद्दा बाजूला पडतो आणि तुम्हीच आरोपी. आधी तक्रार, मग बाकीचं. घरकामगारांचा कायदा वेगळा आहे, आणि काही फ्री झोनमध्ये (स्वतःचं वेगळं प्रशासन असलेल्या व्यापारी क्षेत्रांत) आधी तिथल्या कार्यालयात जावं लागतं. मदत हवी असेल तर दुबईतल्या भारतीय सहाय्यता केंद्राचा फोन ८०० ४६३४२, तिथे हिंदीत बोलता येतं.

शेवटचा कागद व्हिसा कॅन्सलेशनचा. 'माझे सगळे पैसे मिळाले' असं त्यात छापलेलंच असतं. पीआरओ, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस, म्हणतो, सही करा, पैसे उद्या खात्यात येतील. कायद्याने हिशोब करार संपल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवा, पण सही झाल्यावर तुमच्याच अक्षरात तो मिळालेला असतो. पैसे आधी, सही नंतर. विमानाचं तिकीट दाखवून घाई केली तरीही.