स्पिती, लिफ्ट केलेली व्ही-क्रॉस आणि गळ्यात मारलेले टायर

पिकअप दोन इंच लिफ्ट करून (सस्पेन्शन बदलून उंच करून) स्पितीला निघण्याआधी ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे टायर घ्यायचे असतील, तर दुकानाची पायरी चढण्याआधी हे वाचा. पुण्याहून शिमला, किन्नौर, काझा, कुंझुम आणि मग मनाली असा फेरा करून नुकताच परत आलोय. अंग अजून ठणकतंय, आणि ज्याने मला टायर विकले त्याच्यावरचा राग तर जराही उतरलेला नाही.

गाडी 2.5 लिटरची इसुझू व्ही-क्रॉस. कंपनीचे टायर 245/70 आर16, म्हणजे उंची साधारण 749 मिलिमीटर. दुकानदाराचं म्हणणं, "लिफ्ट केलीय ना, मग मोठेच घाला, नाहीतर लिफ्टचा उपयोग काय?" आणि त्याने 265/75 आर16, तेही दहा प्लायचे (दहा थरांच्या ताकदीचे), लोड रेंज ई असलेले एलटी, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचे टायर चढवले. उंची 804 मिलिमीटर. वर तीन हमी दिल्या: कुठे घासणार नाहीत, हवा कमी करायची गरज पडणार नाही, आणि स्टेपनी जुनीच चालेल. तिन्ही खोट्या निघाल्या. तिसरी तर धोकादायक होती.

लिफ्ट आणि टायर यांचा संबंध नीट समजून घ्या, कारण दुकानदार तो मुद्दाम गोंधळात टाकतात. लिफ्टमुळे चेसिस आणि बॉडी वर जाते. मागचा सलग ॲक्सल आणि त्यातला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही. तो वर जातो फक्त टायरची उंची वाढल्याने, आणि वाढलेल्या उंचीच्या निम्माच. म्हणजे 804 च्या टायरने मला गोळ्याखाली 27 मिलिमीटर मिळाले. त्याची किंमत काय, तर गिअरिंग सात टक्के लांबलं (प्रत्येक गिअरमधली ओढ तेवढी कमी), काटा 100 दाखवत असताना गाडी खरी 107 ने पळायला लागली, आणि प्रत्येक चाकाला कित्येक किलो जादा वजन लागलं. कुंझुमच्या वळणांवर, साडेचार हजार मीटरच्या वर, जिथे इंजिनाचा श्वास आधीच अपुरा पडतो, तिथे हे सात टक्के पायाखाली कळतात. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडते आणि पहिल्यात ओरडते.

265/70 आर16 घेतले असते तर उंची 777 झाली असती. गोळ्याखाली 14 मिलिमीटर जास्त, गिअरिंगमधला फरक पावणेचार टक्के, घासण्याचा त्रास नगण्य. दोन इंच लिफ्टच्या व्ही-क्रॉसला हाच साइज. यावर मला वाद घालायचा नाही. मोठा साइज स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर मडफ्लॅपला आणि आतल्या प्लास्टिकला घासतो, आणि पुढचं चाक खड्ड्यात दबलेलं असताना तर जास्तच. नार्कंड्याच्या वळणांवरच आवाज सुरू झाला आणि रामपूरला आतलं प्लास्टिक कापून टाकावं लागलं.

त्याच रामपूरला पंक्चरवाल्याने घासल्याच्या खुणा बघायला गाडीखाली बॅटरी धरली आणि म्हणाला, "भाईसाब, ये तो पुराना माल है." टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. माझ्या टायरवर होतं 1119, म्हणजे 2019 चा अकरावा आठवडा. मी ते 2024 मध्ये "आत्ताच आलेला माल" म्हणून पूर्ण भावाने घेतले होते. पुष्कळ टायरवर तारखेसकटचा पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असतो, आणि दुकानदाराने चारही टायर ती बाजू आत घालून बसवले होते. चारही! याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. टायर रिमवर चढण्याआधी ते चार आकडे स्वतः वाचा, फोटो काढा, बिलावर लिहून घ्या. कुरकूर केली तर दुसरं दुकान गाठा. एक वर्षापेक्षा जुन्या टायरला नव्याचा भाव देऊ नका.

पुणे ते चंडीगड हायवे आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. उदयपूर छान, जयपूरला ट्रॅफिक. एवढंच लक्षात ठेवा की टायर खरे झिजतात ते इथेच, म्हणून फक्त दगडगोट्यांचा विचार करून टायर निवडू नका. दहा प्लायचा टायर रिकाम्या हौद्यासोबत हायवेच्या प्रत्येक जोडावर उडतो. तेवढंच वजन पेलायला एलटी टायरला हवाही जास्त लागते, त्यामुळे तो आणखी कडक होतो. मड टेरेनचा, म्हणजे चिखलासाठीच्या खोल नक्षीच्या टायरचा, तर विचारच नको, पावसात ब्रेक लावाल तेव्हा कळेल. लिफ्टनंतरच्या अलाइनमेंटचं म्हणाल तर आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागा. मला "झालं" म्हणून पैसे घेतले होते. चंडीगडला मशीनवर घातली तेव्हा टो (वरून बघताना पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कोन) बाहेर गेलेला होता आणि पुढच्या टायरच्या कडा खरवडल्या जात होत्या.

नाको, ताबो, काझा: रस्ता बहुतांशी चांगला, कुठलाही धड टायर चालेल. काझाला डिझेल पूर्ण भरा.

आता खरी गोष्ट. बातल ते ग्राम्फू, सुमारे 50 किलोमीटर. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग 505. प्रत्यक्षात चंद्रा नदीच्या काठाने जाणारा गोट्यांचा पट्टा, मध्येमध्ये रस्त्यावरून वाहणारे नाले. रुंदीकरणाचं काम चालू असल्याने कुठे ताजी फोडलेली खडी, आणि ती नदीच्या गोल गोट्यांपेक्षा फार वाईट, कारण तिच्या कडा धारदार असतात. या पट्ट्याला पाच-सहा तास धरा. बातलचा ढाबा सोडल्यावर पहिल्याच तासात दात एकमेकांवर आपटायला लागले. टायर 38 पीएसआयवर होते, कारण "दहा प्लायला हवा कमी करायची नसते".

हे ऐकू नका. कडक टायर दगडावर बसत नाही, दगडावर आदळतो, आणि कट तिथेच जातो. छोटा दर्राच्या पुढे मागच्या डाव्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फाटली. करंगळी आत जाईल एवढी चीर, आतले धागे बाहेर आलेले. साइडवॉलला पंक्चरची वात लावून पुढे जाता येत नाही. मग निघाली जुनी स्टेपनी, 245 ची, बाकीच्या तीन चाकांपेक्षा 55 मिलिमीटर बुटकी.

दुकानदाराच्या तिसऱ्या हमीचा अर्थ इथे कळतो. व्ही-क्रॉसची फोर-व्हील पार्ट-टाइम आहे, मध्ये डिफरन्शियल नाही. 4एच (चारही चाकांना ताकद) लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरायला बांधले जातात. चाकं वेगवेगळ्या उंचीची असतील तर कडक जमिनीवर सगळा ताण गिअर आणि ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) जातो. बुटकं चाक मागे ठेवलं तर 2एचमध्येही (फक्त मागच्या चाकांना ताकद) मागच्या डिफरन्शियलमधले आतले गिअर सतत एकमेकांवर फिरत राहतात. म्हणून आधी पुढचं एक मोठं चाक काढून मागे लावलं आणि बुटकं पुढे घातलं. जॅक दोनदा. मागे ॲक्सलखाली जॅक लागला, पण पुढे लिफ्ट केलेल्या चेसिसपर्यंत कंपनीचा जॅक पोचेना, तेव्हा खाली लाकडी ठोकळा ठेवला. गोट्यांवर ठोकळा सरकतो, म्हणून सपाट दगड शोधायला नदीकडे उतरलो. वारा असा की नट उचलताना बोटं वाकत नव्हती. दोघं होतो म्हणून दीड तासात निभावलं.

पुढच्या नाल्यात 4एच लावावंच लागलं. पाण्यातल्या गोट्यांवर चाकं घसरतात, ताण सुटत राहतो, चाललं. पलीकडच्या कोरड्या चढावर मात्र स्टिअरिंग जड झालं आणि 2एचला फिरवल्यावर डॅशवरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. चार-पाच फूट सरळ रिव्हर्स घेतली तेव्हा आतून ठक्क आवाज आला आणि सुटलं. असं झालं तर जोर लावून पुढे रेटू नका, मागे घ्या.

म्हणून टायर पाच घ्या. एकाच साइजचे, एकाच नक्षीचे पाच. पैसे कमी असतील तर स्वस्त ब्रँडचे घ्या, पण पाच घ्या. आणि मोठी स्टेपनी हौद्याखाली तिच्या जागी बसते का, हे दुकानातच बसवून बघा.

उरलेल्या तीन टायरची हवा मी तिथेच 24 वर आणली, आणि गाडी एकदम माणसात आली. बातलला पोचताच 22 ते 24 करा, वेग 25-30 च्या आत ठेवा, ग्राम्फूनंतर डांबर लागलं की पुन्हा 34 भरा. कॉम्प्रेसर बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. सिगारेट लायटरवरचा एवढ्या टायरला फार वेळ लावतो. उंचीवर गेज जास्त दाखवतो, कारण बाहेरचा दाब कमी असतो: पुण्याच्या तुलनेत कुंझुमला साधारण पाच पीएसआयचा फरक. पहाटेच्या थंडीत हवा आकसते तेव्हा तो फरक झाकला जातो आणि दुपारी उन्हात उघडा पडतो. म्हणून पुण्यात भरलेल्या आकड्यावर विसंबू नका, रोज सकाळी मोजा.

टायरवर बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा खाली नको. लोड रेंज सी, म्हणजे सहा प्लाय, हौदा भरून नेत नसाल तर पुरे. बर्फात जायचं असेल तर तीन शिखरांच्या आत हिमकण असलेली खूण हवी; नुसतं एम+एस कंपनी स्वतःच छापते, त्यामागे चाचणी लागत नाही. काळ्या बर्फावर (रस्त्यावर गोठलेल्या, न दिसणाऱ्या पातळ थरावर) मात्र साखळीच लागते. गाडीतल्या बदलांचा विषय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतो, तेव्हा लिफ्ट आणि टायर दोन्ही विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

बातलहून सकाळी सहाला निघा. ऊन चढलं की हिमनद्या वितळून नाल्यांचं पाणी वाढतं, आणि दुपारी जो नाला गुडघाभर असतो तो सकाळी घोट्याएवढा असतो. ग्राम्फूहून कोकसर करत अटल बोगद्याने बाहेर पडा, रोहतांग चढायची गरज नाही. मोठ्या साइजचा टायर मनालीत लगेच मिळेल या भरवशावर राहू नका. मला मिळाला नाही, आणि चंडीगडपर्यंत बुटक्या स्टेपनीवर साठच्या वेगाने यावं लागलं.