दमडीचा सौदा

काल आईने कढीपत्ता आणायला पिटाळलं. आणला, तर म्हणे मिरच्या राहिल्या. त्या आणल्या, तर आलं राहिलं. तिसऱ्यांदा चपला सरकवताना मी कुरकुरलो, तर तीच वर म्हणते, "दमडीचा सौदा नि येरझाऱ्या चौदा!"

आमच्या घरात दमडी कुणीच पाहिलेली नाही, पण सगळ्यांच्या तोंडी आहे. आणि ती मूळची ग्रीसची! तिथे फार पूर्वी मांस भाजायच्या लोखंडी सळया पैशासारख्या चालत. अशा सहा सळया एका मुठीत मावायच्या, म्हणून सहांना म्हणायचे 'द्राख्मे', म्हणजे मूठभर. आर्गोसजवळ हेरादेवीच्या देवळात या सळयांची एक अख्खी जुडी सापडली. पुढे चांदीचं नाणं आलं, तरी नाव मुठीचंच राहिलं.

ते नाणं आपल्याकडे गुजरातेतल्या भडोचच्या बंदरातही चालायचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या समुद्री व्यापाराच्या पुस्तकाचा ग्रीक लेखक सांगतो की अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी नाणी तिथे अजून घेतात. त्याच भडोचला पैठण आणि तेरचा माल आडरानातून गाड्या हाकत नेला जाई. संस्कृतात त्या नाण्याचा 'द्रम्म' झाला. कोकणातल्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांतही हे द्रम्म भेटतात. द्रम्माचा पुढे 'दाम' झाला आणि त्याची धाकटी लेक दमडी.

मला सगळ्यात आवडतो तो भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या पुस्तकातला द्रम्म. साल 1150. वीस कवड्यांची एक 'काकिणी', चार काकिण्यांचा एक 'पण', सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या कवड्या 1280. आता गणित असं: एका कंजुषाने याचकाला द्रम्माच्या निम्म्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण भागाचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा आणि त्याचाही चौथा हिस्सा दिला. तर किती कवड्या दिल्या? मी बिलाच्या पाठीवर मांडून बघितलं. उत्तर: एक कवडी! एवढे अपूर्णांक घोटून हाती काय, तर कवडी. 'कवडीचुंबक' म्हणतात तो हाच. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' ही म्हण त्याच्याच खानदानातली.

बाकीची भावंडं बरी मार्गी लागली. अरबांकडे गेलेला दिरहम झाला. दुबईतला माझा मावसभाऊ पगार त्यातच मोजतो. आर्मेनियात द्राम अजून चालतो. इंग्रजांनी मात्र त्याचा 'ड्रॅम' करून औषधाचं माप केलं, आणि मग व्हिस्कीचा घोट. खुद्द ग्रीसने 2002 साली युरोच्या नोटा घेतल्या आणि द्राख्मेला घरी बसवलं.

हे सगळं डोक्यात घोळवत तिसऱ्यांदा भाजीवाल्या मावशींपुढे उभा राहिलो. आल्याचे पैसे दिले. माझ्या तोंडाकडे बघून त्या हसल्या आणि न मागता मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकली.

"राहू द्या," म्हणाल्या, "नायतर परत याल."