मेलबर्नच्या फळीवरची बर्बन आणि तिच्या किमतीचा हिशेब

अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमधली चार वर्षांची नोकरी संपवून आम्ही मेलबर्नला आलो, तेव्हा घर लागल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी जवळच्या मद्याच्या दुकानात गेलो आणि बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकी व्हिस्कीच्या, ओळखीच्या लेबलाखालची किंमत वाचून हातात घेतलेली बाटली परत फळीवर ठेवली. केंटकीत जी बाटली मला २५ अमेरिकी डॉलरना, म्हणजे साधारण ३८ ऑस्ट्रेलियन डॉलरना मिळत असे, ती इथे ७५ डॉलरना होती, आणि तीसुद्धा ७५० मिलिलिटरची नव्हे, ७०० मिलिलिटरची. त्या दिवशी मी रिकाम्या हाताने घरी आलो. पुण्याचा माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, दुप्पट पैसे मोजून तीच वस्तू घ्यायची कशाला?" प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर नीट शोधायला मला बरेच महिने लागले, आणि परदेशात राहणाऱ्या किंवा परदेशातून काही मागवणाऱ्या वाचकांना ते उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझी पहिली समजूत अशी होती की बाटली अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून येते, म्हणून ती महाग असते. ही समजूत चुकीची ठरली. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २००५ पासून लागू असलेल्या मुक्त व्यापार करारामुळे अमेरिकी बर्बनवर वेगळे आयातशुल्क लागत नाही. लागतो तो मद्यावरचा अबकारी कर, आणि तो इथे तयार झालेल्या व्हिस्कीलाही त्याच दराने लागतो. लहान स्थानिक डिस्टिलऱ्यांना वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत सवलत मिळते, एवढाच फरक. म्हणूनच टास्मानियातल्या किंवा मेलबर्नमधल्या स्थानिक सिंगल माल्ट व्हिस्कीच्या बाटल्या शेजारच्याच फळीवर असतात आणि त्यांतल्या अनेक बर्बनपेक्षाही महाग असतात.

हा अबकारी कर बाटलीच्या किमतीवर नसून तिच्यातल्या शुद्ध अल्कोहोलच्या लिटरवर आहे, आणि सगळा हिशेब याच एका गोष्टीवर फिरतो. महागाईच्या निर्देशांकानुसार हा दर दर वर्षी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये वाढवला जातो, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो लिटरमागे १०० डॉलरच्या वर गेला. गणिताच्या सोयीसाठी १०० धरू. माझी बाटली ५० टक्के अल्कोहोलची होती. तिच्या ७०० मिलिलिटरमध्ये ३५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे ३५ डॉलर कर झाला. त्यानंतर दुकानातल्या एकूण किमतीत १० टक्के जीएसटी असतो, आणि तोही या करासकट झालेल्या रकमेवर. म्हणजे माझ्या ७५ डॉलरच्या बाटलीतले जवळजवळ ४२ डॉलर सरकारचे. उरलेल्या ३३ डॉलरमध्ये बर्बन, काच, बूच, जहाज, आयातदार आणि दुकानदार अशा सगळ्यांचे भागते.

आता तीच बाटली केंटकीत पाहू. तिथे केंद्र सरकारचा अबकारी कर प्रूफ गॅलनमागे, म्हणजे ५० टक्के अल्कोहोलच्या एका अमेरिकी गॅलनमागे, साडेतेरा अमेरिकी डॉलर आहे, जो शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे सात डॉलरच्या थोडा वर जातो. ५० टक्क्यांच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीवर तो पावणेतीन डॉलरसुद्धा भरत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी राज्याचे कर बाजूला ठेवले, तर २५ डॉलरच्या बाटलीत वस्तूचे म्हणून २२ अमेरिकी डॉलर, म्हणजे इथले ३४ डॉलर उरतात. ७०० आणि ७५० मधला फरक लक्षात घेतला तरी दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. कागदावर हे उतरवले त्या रात्री मला खरोखर आश्चर्य वाटले, कारण ज्या दुकानदाराला मी मनातल्या मनात बोल लावत होतो, तो मला केंटकीच्याच भावाने बर्बन विकत होता.

कर वजा केल्यावर वस्तू महाग नाही, हे खरे असले तरी पैसे आपल्याच खिशातून जातात, आणि भावाचा प्रश्न तिथेच उरतो. पण कर किमतीवर नसून अल्कोहोलवर आहे म्हटल्यावर, फळीवरच्या सगळ्याच बाटल्या सारख्याच महाग होत नाहीत. इथे स्पिरिट, म्हणजे गाळलेले कडक मद्य, म्हणवून घ्यायला किमान ३७ टक्के अल्कोहोल लागते, आणि स्वस्त बाटल्यांपैकी पुष्कळ बरोबर त्याच रेषेवर असतात. अशी ३७ टक्क्यांची बाटली समजा ४५ डॉलरना मिळाली, तर तिच्यावर अबकारी कर सुमारे २६ डॉलर आणि जीएसटी ४ डॉलर, म्हणजे तीनातले दोन भाग कराचे. उरलेल्या १५ डॉलरमधून जहाजभाडे, काच आणि दुकानदाराचा नफा गेल्यावर आतल्या द्रवाच्या वाट्याला काय येत असेल, याचा अंदाज करावा. दुसऱ्या टोकाला ४५ टक्क्यांची १२० डॉलरची बाटली घ्या. तिच्यावरचा एकूण कर पुन्हा ४२ डॉलरच्या आसपासच निघतो, आणि वस्तूसाठी ७८ डॉलर उरतात. स्वस्त बाटली घेऊन आपण पैसे वाचवतो असे वाटते, पण प्रत्यक्षात आपण बहुतांशी करच विकत घेतो. इथे स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांत पाहुण्यांसाठी अशी सर्वांत स्वस्त बाटली आणण्याची पद्धत मी पाहिली आहे, आणि मला ती पटत नाही.

मग पैसे नेमके कशासाठी मोजावेत? त्यासाठी बर्बन म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बन हे अमेरिकेचेच वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचे मान्य केले. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, पिंपात भरताना अल्कोहोल साडेबासष्ट टक्क्यांच्या वर असता कामा नये, पिंप नवे आणि आतून जाळलेल्या ओकचे हवे, आणि रंग किंवा स्वाद बाहेरून घालता येत नाही. बाटलीत दिसणारा तांबूस रंग सगळा त्या जळक्या लाकडाचा असतो. लुईव्हिलहून तासाभराच्या अंतरावरच्या एका डिस्टिलरीत आम्हाला उभे चिरलेले पिंप दाखवले होते. आतली बाजू मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची काळी झालेली, आणि त्या काळ्या थराखाली लाकडात एक लालसर रेघ, म्हणजे बर्बन लाकडात जिथवर मुरली होती ती खूण. मी त्या रेघेवरून बोट फिरवले, तर बोटाला चिक्कीच्या पाकाचा आणि ओल्या कोळशाचा मिसळलेला वास बराच वेळ राहिला. गोदामाच्या वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात इतके उकडत होते की पाच मिनिटांत अंगाला सदरा चिकटला, आणि त्याच उष्म्याने पिंपातला द्रव लाकडात शिरतो व थंडीत परत बाहेर येतो, हे तिथे उभे राहिल्यावर कुणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हे पिंप बर्बनसाठी एकदाच वापरले जाते, आणि नंतर ते स्कॉटलंडला जाते, किंवा आपल्या गोव्यात पॉल जॉनच्या सिंगल माल्टसाठीही बर्बनची जुनी पिंपे येतात. प्रत्येक खेपेला नवे पिंप आणि वर्षानुवर्षे गोदामात दरवर्षी होणारी बाष्पीभवनाची घट, हा बर्बनचा खरा खर्च आहे. पैसे द्यायचे तर यासाठी द्यावेत, आणि ते कुठे खर्च झाले आहेत हे लेबल वाचून कळते. 'स्ट्रेट' लिहिलेले असेल तर किमान दोन वर्षे पिंपात ठेवणे बंधनकारक असते, आणि ती चार वर्षांहून कमी असेल तर वय छापावेच लागते. म्हणजे 'स्ट्रेट' आहे आणि वय छापलेले नाही, तर चार वर्षांची खात्री आहे. 'बॉटल्ड इन बाँड' हे शब्द १८९७ च्या कायद्यातून आले आहेत. एकाच डिस्टिलरीत एकाच हंगामात काढलेली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षे ठेवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली, एवढे सगळे त्या तीन शब्दांत येते. हे शब्द जिथे दिसतात तिथे मी थांबतो. लेबलावरचा घोडा, जुनी सही किंवा आजोबांचे चित्र यांच्याकडे पाहून मी आता काहीच ठरवत नाही.

५० टक्क्यांच्या बाटलीबद्दल आणखी एक गोष्ट आहे. तिच्यात पाणी घालून ४० टक्क्यांवर आणले तर ७०० मिलिलिटरचे ८७५ मिलिलिटर होतात, म्हणजे एका बाटलीत सव्वा बाटली. इथे प्रत्येक बाटलीच्या मागे त्यात किती 'स्टँडर्ड ड्रिंक' आहेत ते छापणे सक्तीचे आहे. एका स्टँडर्ड ड्रिंकमध्ये १० ग्रॅम अल्कोहोल असते. ४० टक्क्यांच्या बाटलीवर २२ हा आकडा असतो आणि ५० टक्क्यांच्या बाटलीवर २७ च्या पुढचा. किंमत त्या आकड्याने भागून पाहावी, म्हणजे दोन बाटल्यांची तुलना प्रामाणिक होते.

एवढे गणित झाले तरी चव हा शेवटचा निवाडा आहे, म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी आम्ही एक चाचणी घेतली. शेजारी साताऱ्याचे एक स्नेही राहतात आणि मिरजेचा एक जुना मित्र सुट्टीला आला होता. माझ्या पत्नीने तीन पेल्यांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ४५, ७५ व १२० डॉलरच्या बाटल्यांमधून थोडी थोडी बर्बन ओतून पेले आमच्यासमोर ठेवले. ५० टक्क्यांच्या पेल्यात तिने मोजून पाणी घातले होते. स्वस्त बाटली तिघांनीही पहिल्याच घोटाला ओळखली. तिला सुरुवातीला गोडवा होता, पण मागे काही उरत नव्हते, आणि कच्च्या लाकडाचा तुरटपणा जिभेच्या कडांना लागत होता. बाकीच्या दोन पेल्यांत भाजलेल्या कणसाचा, जायफळाचा आणि पाकाचा वास स्पष्ट होता, आणि घोट गेल्यावरही छातीत ऊब राहत होती. पण त्या दोन पेल्यांमध्ये ७५ डॉलरचा कोणता आणि १२० डॉलरचा कोणता, हे आमच्यापैकी दोघांना सांगता आले नाही, आणि त्या दोघांत मी होतो. नंतर तिन्हींमध्ये बर्फ आणि कोला घातला, तेव्हा तिन्ही पेले एकसारखेच लागले.

म्हणून भावाला माझे उत्तर असे आहे. कोलात घालायची असेल तर बर्बनवर जास्त पैसे खर्च करू नयेत. पाण्याच्या चार थेंबांबरोबर सावकाश प्यायची असेल, तर ५० टक्क्यांच्या आसपासची, 'स्ट्रेट' किंवा 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेली मधल्या किमतीची बाटली इथल्या चढ्या भावातही पैसे वसूल करते. त्याच्या वरच्या किमतीला मी क्वचितच जातो. ज्या बाटल्या केंटकीतही सहज मिळत नाहीत आणि ज्यांच्यासाठी तिथले लोक पहाटेपासून रांगा लावतात, त्यांची इथली किंमत कराने वाढलेली नसते, टंचाईने वाढलेली असते, आणि टंचाईची चव लागत नाही. अशी एक बाटली मी दोन वर्षांपूर्वी एका खासगी विक्रेत्याकडून तिप्पट पैसे देऊन घेतली होती. उघडताना तिचे बूच चुरा होऊन आत पडले आणि मला ती बर्बन चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावी लागली. त्या पैशांची हळहळ मला अजून वाटते.

भारतातल्या वाचकांना मात्र हाच हिशेब उलटा मांडावा लागेल. तिथे बर्बनवरचे सीमाशुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले, पण ते किमतीच्या टक्केवारीत आहे, आणि त्यावर महाराष्ट्रात राज्याचे उत्पादन शुल्क वेगळे. जितकी बाटली महाग तितका कर जास्त, म्हणजे इथे मधल्या बाटलीला मिळणारा फायदा पुण्याच्या दुकानात मिळत नाही. त्यामुळे चांगली बर्बन घरी न्यायचीच असेल तर ती विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून न्यावी. भारतात येताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरची सवलत आहे. ऑस्ट्रेलियात येताना ती सव्वादोन लिटरची आहे, परंतु ती ओलांडली तर केवळ जास्तीच्या मद्यावर नव्हे, आणलेल्या सगळ्याच मद्यावर कर भरावा लागतो, हे इथे नव्याने येणाऱ्यांनी विसरू नये.

डिसेंबरात आम्ही पुण्याला येत आहोत. पत्नीच्या आणि माझ्या सवलतीत मिळून चार लिटर बसतात, आणि त्यातल्या एक लिटरच्या दोन बाटल्या ५० टक्क्यांच्या घ्यायचे ठरले आहे. एक भावासाठी. दुसरी बाबांसाठी, जे जेवणाआधी एकच पेग घेतात आणि त्यात कोमट पाणी घालतात. त्यांना पेल्यातून तो कणसाचा वास येतो का, हे मला विचारायचे आहे.