जस्ताचा डाग आणि पंपाचा तुटलेला कान

आमच्या कुळागराला, म्हणजे पोफळींच्या बागेला, पाणी लावण्याचे दिवस दिवाळीनंतर सुरू होतात आणि मिरगाचा पाऊस येईपर्यंत संपत नाहीत. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर झऱ्याचे पाणी पाटाने पोफळींपर्यंत येते, पण फेब्रुवारी उजाडला की पाटाचा जोर ओसरतो आणि पेट्रोलवर चालणारा छोटा पंप बाहेर काढावा लागतो. गेल्या वर्षी हाच पंप चिऱ्याच्या पायऱ्यांवरून खाली नेताना हातातून निसटला आणि त्याच्या ओतीव ॲल्युमिनियमच्या आवरणाचा एक कान, म्हणजे ज्यातून बोल्ट जातो तो भाग, मुळापासून तुटला. नवे आवरण मागवायला तीन आठवडे लागणार होते. आर्गन वेल्डिंग करणाऱ्याने तुकडा हातात घेऊन पाहिला, तेल मुरलेल्या जुन्या ओतकामावर टाका नीट बसत नाही असे स्पष्ट सांगितले आणि परत दिला. पोफळी तीन आठवडे थांबणार नव्हत्या, म्हणून बाजारात ‘लो-टेम्परेचर ब्रेझिंग रॉड’ या नावाने मिळणाऱ्या कांड्या मी पहिल्यांदा गंभीरपणे हाती घेतल्या.

या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली कांडी मुख्यतः जस्ताची असते आणि तिच्यात थोडे ॲल्युमिनियम मिसळलेले असते. जस्तात सुमारे ५ टक्के ॲल्युमिनियम असले की ते मिश्रण ३८२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणून या कांड्या साधारण ३८० ते ४०० अंशांच्या दरम्यान वाहू लागतात. दुसरी कांडी ॲल्युमिनियम आणि सुमारे १२ टक्के सिलिकॉनची असते, तिच्या पोटात फ्लक्सची, म्हणजे धातूवरचा गंज काढणाऱ्या द्रव्याची, पूड भरलेली असते आणि ती ५८० अंशांच्या आसपास वितळते. तंत्राच्या परिभाषेत ४५० अंशांच्या वर भरणीचा धातू वितळला तरच त्याला ब्रेझिंग म्हणतात आणि त्याखालच्या कामाला सोल्डरिंग. म्हणजे जस्ताच्या कांडीने केलेले काम हा आपल्या भाषेतला डागच आहे, आणि त्याला वेल्डिंग म्हणून विकणे मला चुकीचे वाटते, कारण घेणारा मग त्याच्याकडून वेल्डिंगच्या ताकदीची अपेक्षा धरतो.

ओतीव भागासाठी मात्र जस्ताचीच कांडी बरी, असे माझे मत आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण ओतकामाच्या मिश्रधातूत सिलिकॉन आणि तांबे असल्यामुळे त्यातले काही प्रकार ५२० अंशांच्या आसपासच मऊ होऊन ढासळू लागतात. तिथे ५८० अंशांची कांडी वापरणे म्हणजे भाग आणि भरणी एकदमच वितळण्याची वेळ आणणे होय. शिवाय तापलेले लोखंड आधी लाल होऊन आपल्याला सावध करते, तसे ॲल्युमिनियम करत नाही. ते शेवटपर्यंत रुपेरीच दिसते आणि एका क्षणी खाली बसते.

माझा पहिला प्रयत्न साफ फसला. तुटलेल्या कडा तारेच्या ब्रशने घासल्या, गॅसच्या टॉर्चची ज्योत थेट कांडीवर धरली, आणि वितळलेले जस्त पाऱ्यासारखे गोळे होऊन व्हाइसवरून खाली घरंगळले. एकही थेंब चिकटला नाही. शेजारचे काका पाणी वळवायला आले होते. ते बराच वेळ उभे राहून पाहत होते आणि शेवटी म्हणाले, “कल्हईवाला कथील कधी आगीत धरी काय रे?”

त्या एका प्रश्नाने मला लहानपणचे आमचे अंगण आठवले. कल्हईवाला पितळेचे टोप भट्टीवर फिरवत तापवायचा, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा, आणि मग कथिलाची कांडी तो तापलेल्या भांड्याला नुसती टेकवायचा. कथील २३२ अंशांना वितळते, पण त्याला वितळवणारी उष्णता भांड्याची असे, आगीची नव्हे. नवसागर भांड्यावरचा गंज काढून टाकत असे आणि स्वच्छ, पुरेशा तापलेल्या पितळेवर कथील आपोआप पसरत असे. ॲल्युमिनियमच्या डागाचे तत्त्व तेच आहे, फक्त एक अडचण मोठी आहे. ॲल्युमिनियमवर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो, तो घासून काढला तरी क्षणात पुन्हा तयार होतो, आणि तो थर वितळायला दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. आपल्या टॉर्चने तो वितळणार नाही, तो खरवडूनच काढावा लागतो, आणि तोही वितळलेल्या जस्ताच्या खाली, जिथे हवा पोहोचत नाही.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. आधी सगळे आवरण हळूहळू तापवले, तेव्हा ओतकामाच्या छिद्रांत वर्षानुवर्षे मुरलेले तेल घाम फुटावा तसे वर आले. ते पुसायचे, पुन्हा तापवायचे, पुन्हा पुसायचे, असे चार वेळा केल्यावर फडके कोरडे निघाले. हे काम पेट्रोलने धुऊन लगेच ज्योत लावून कोणीही करू नये. थंड झाल्यावर दोन्ही कडांना कानशीने उतार दिला, म्हणजे जोडावर भरणीला जागा मिळेल अशी खाच तयार झाली. (भाग तुटला नसून त्याला नुसता तडा असेल, तर तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडावीत, नाहीतर उष्णतेने तडा पुढे सरकतो.) मग स्टेनलेस स्टीलचा ब्रश घेतला, जो लोखंडावर कधीही वापरलेला नाही, आणि धातू नवा दिसेपर्यंत घासला.

उष्णतेचा अंदाज घ्यायला मी कपडे धुण्याच्या साबणाची रेघ जोडाच्या बाजूला ओढली. ती आधी तपकिरी आणि मग काळी पडते. ॲल्युमिनियम उष्णता लोखंडाच्या कितीतरी पट वेगाने पसरवते, त्यामुळे जोडावर ज्योत धरून काही साधत नाही, जाड भागापासून सुरुवात करून सगळाच तुकडा तापवावा लागतो. व्हाइसचे जबडे उष्णता शोषून घेतात म्हणून मी आवरण विटेच्या तुकड्यांवर ठेवले होते. रेघ काळी पडली तशी ज्योत बाजूला केली आणि कांडी खाचेत टेकवली. पहिल्यांदा ती नुसती घासली गेली. थोडी ज्योत, पुन्हा टेकवली, आणि या वेळी तिचे टोक मेणासारखे मऊ होऊन खाचेत उतरले. लगेच स्टेनलेसच्या टोकदार सळईने त्या तळ्याखालचा धातू खरवडायला सुरुवात केली. आधी जस्त कडेवर फुगून बसले होते, ते सळई फिरली तिथे एकदम सपाट झाले आणि धातूला पाणी लागावे तसे पसरले. ते दृश्य मी विसरणार नाही. दोन्ही कडांना अशी कल्हई झाल्यावर कान जागेवर बसवला, पुन्हा तापवला, वरून खाच भरली आणि आवरण तसेच विटांवर निवू दिले. पाणी ओतून थंड करू नये, कारण जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि जोडाला ताण बसतो.

काम उघड्यावर करावे. जस्त गरजेपेक्षा जास्त तापले की त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. धूर दिसला तर उष्णता जास्त झाली, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

आता ज्या ठिकाणी हा डाग देऊ नये, त्यांविषयी मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते, कारण पाकिटांवर ‘सर्व धातूंसाठी’ असे छापलेले मी पाहिले आहे. बिडाच्या भागावर ही कांडी धरत नाही. पुष्कळ कार्ब्युरेटर जस्ताच्याच मिश्रधातूचे असतात आणि ते कांडीबरोबरच वितळून जातात. हातात घेतल्यावर वस्तू आकाराच्या मानाने जड लागली तर थांबावे, कारण ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड असते आणि जस्ताचे ओतकाम साडेसहा पटींहून अधिक. उलट, वस्तू फारच हलकी लागली, तर ती मॅग्नेशियमची असू शकते. झाडे कापायच्या यंत्रांची आवरणे अनेकदा त्याची असतात, त्याच्या किसाला आग लागते आणि ती पाण्याने विझत नाही, उलट भडकते. ब्रेकचे दांडे, चाकांच्या रिम, प्रेशर कुकर यांचा तर विचारही करू नये. स्वयंपाकाच्या भांड्यांनाही जस्ताचा डाग नको, कारण जस्त आंबटात विरघळते आणि आपल्या घरात सोलांशिवाय, म्हणजे आमसुलांशिवाय, दिवस जात नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावरल्या बेतुलच्या एका मित्राने त्याच्या होडीच्या आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या, इंजिनाचे खालचे आवरण आणले होते. त्याला बोटभर लांबीचा तडा होता. मी डाग दिला नाही. त्याच इंजिनावर कारखान्यातून बसवलेला जस्ताचा तुकडा मी त्याला दाखवला, जो वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखा निम्मा झिजला होता. खाऱ्या पाण्यात जस्त आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असले की जस्त आधी झिजते आणि ॲल्युमिनियमला वाचवते, म्हणूनच तो तुकडा तिथे मुद्दाम लावतात. पण तोच जस्त जोडाची बारीक रेघ होऊन मोठ्या ॲल्युमिनियमच्या अंगावर बसला, तर सगळा मारा त्या रेघेवर येईल आणि जोडच आधी खाल्ला जाईल. मित्र थोडा हिरमुसला, पण ते आवरण त्याने आर्गनवाल्याकडे नेले. फ्लक्सच्या बाबतीतही समुद्राकाठच्या माणसाने सावध असावे. क्लोराइडचा फ्लक्स वापरला, तर तो गरम पाण्याने पूर्ण धुऊन काढावा, नाहीतर आपल्या दमट हवेत तो ओलावा ओढून घेतो आणि जोडाशेजारचा धातू पोखरतो.

माझ्या पंपाच्या कानावर मी विश्वास टाकून बसलो नाही. बोल्टाखाली तीन मिलिमीटर जाडीची पट्टी घातली, जी शेजारच्या दोन बोल्टांपर्यंत जाते आणि कानावरचा भार वाटून घेते. पंपाच्या थरथरीने जोड सैल होतो का हे पाहायला पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्यावर खडूची रेघ ओढत होतो. दोन मोसम झाले, रेघ कधी तुटली नाही. नवे आवरण घेऊन ठेवले आहे, ते अजून खोक्यातच आहे.