मोहाखाली वाकलेल्या बाया

मोहाचं फूल पहाटे गळतं आणि ऊन तापायच्या आत वेचावं लागतं, नाहीतर हरणं, अस्वलं फस्त करतात. म्हणजे बाया टोपल्या घेऊन जंगलात शिरतात ती वेळ आणि आमच्या सफारीच्या जिप्स्या गेटातून सुटतात ती वेळ एकच.

मी ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधला, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातला गाईड. 2010 मध्ये बफर जाहीर झालं, पुढे गावातल्या पोरांना हे काम मिळालं. माझ्या घरची चूल त्यावरच पेटते.

एप्रिलमधली गोष्ट. नाल्याच्या वळणावर चितळ ओरडलं. एकट्या चितळाचं मी फार मनावर घेत नाही, ते पाचोळा वाजला तरी दचकतं. मग झाडावरचं वानर खाकरलं आणि पाठोपाठ सांबराचा खणखणीत कॉल आला. सांबर उगाच बोलत नाही. वाघीण नाल्यात होती, तिला रस्ता ओलांडून पाणवठ्यावर जायचं होतं. रस्त्यावर पाच जिप्स्या एकमेकींना चिकटून उभ्या.

वाघाला वाट द्या, हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. पण गाडी मागे घेतली की साइटिंग, म्हणजे वाघाचं दर्शन, दुसऱ्याला मिळतं, आणि बक्षिशी साइटिंगवर. कोणी हललं नाही. पोरं चांगली आहेत, पण वाघाचा सुगावा लागला की त्यांना दुसरं काही सुचत नाही.

वानर पुन्हा खाकरलं, आता डावीकडून. ती वळली होती. तिकडे पाऊणशे पावलांवर मोहाची झाडं आणि खाली आमच्या गावच्या चार बाया वाकलेल्या. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. त्यातलं एक लुगडं मी ओळखलं. माझी काकू.

सफारीत आवाज करू नका, हे पर्यटकांना रोज मीच सांगतो. मी सीटवर उभा राहून ओरडलो, "काकू, उभी राह्य वो! साऱ्याजणी एका जागी या!"

त्या ताठ झाल्या, टोपल्या बडवू लागल्या. नाल्यात पाचोळा वाजत दूर गेला. वाघीण कोणालाच दिसली नाही.

"या बायकांना आत सोडतातच कसं?" मागच्या सीटवरून प्रश्न आला. त्याच झाडांखाली काकूची सासू मोह वेचायची, तेव्हा इथे गेट नव्हतं, एवढंच मी सांगितलं. पाहुणे तक्रार लिहून गेले.

संध्याकाळी काकू म्हणाली, "आज तू होता. तुही पाळी नसंल त्या दिवशी?"

तिच्या घरात ना गाईड, ना ड्रायव्हर, ना रिसॉर्टात कोणी. जिप्सीचा रुपया तिच्यापर्यंत पोचत नाही. मोह विकून येतात तेवढेच पैसे तिच्या स्वतःच्या हातात.

मोह संपेपर्यंत तो रस्ता सकाळी नऊपर्यंत बंद ठेवा, असं मी गावच्या समितीत मांडणार आहे. त्या पाच गाड्यांत एक माझी होती, हेही तिथे सांगावं लागेल.